आप्पाची वेलांटी

शिरूरची ती मिसिंगची केस अजून माझ्या डोक्यातून जात नाही. निवृत्त झाल्यावर माणसानं झाडांना पाणी घालावं, नातवंडांना शाळेत सोडावं, असं सगळे सांगतात. मी दोन्ही करतो. पण हातात पाण्याची नळी असताना मध्येच ती केस आठवते आणि तोंड कडू होतं. नोकरीत मी दारूत झालेली भांडणं पाहिली, बांधावरून फुटलेली डोकी पाहिली. त्यांचा राग पंचनाम्याबरोबर संपायचा. हा राग काही संपत नाही. नावं मी कुणाचीच लिहिणार नाही. ज्यांची आहेत त्यांना ती माहीत आहेत.

तेव्हा माझी नेमणूक शिरूरला होती. सकाळची हजेरी झाली होती, रात्रपाळीचे अंमलदार डायरी सोपवून घरी निघाले होते, तेवढ्यात ठाणे अंमलदार आत येऊन म्हणाले, "साहेब, टायपिंगवाले सर आलेत. बरोबर मुलगा आहे."

शिरूरमध्ये नुसतं 'सर' म्हटलं तरी पुरायचं. तहसील कचेरीच्या रस्त्याला त्यांची टायपिंगची संस्था होती. तालुक्यातले निम्मे कारकून त्यांच्या हाताखालून गेलेले. माझा रायटर, म्हणजे ठाण्याची सगळी लिखापढी बघणारा हवालदार, तोही त्यांचाच विद्यार्थी. सर मूळचे मांडवगण फराट्याचे. वाडवडील मेंढरांमागे फिरले, पण सरांनी लहानपणीच ते सोडलं, शिकले, शहरात आले. पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि बोलणं असं शुद्ध की समोरच्यानं आपली भाषा सावरावी. शेती मात्र गावाकडे ठेवलेली, ऊस होता.

सर खुर्चीत ताठ बसले. मुलगा उभाच राहिला. तो रांजणगावच्या एका कारखान्यात पाळीवर जायचा.

"माझी सून कालपासून घरी नाही," सर म्हणाले. "मिसिंग दाखल करून घ्या. मात्र कुठे गेली असेल, ते आम्हाला साधारण ठाऊक आहे."

"पळून गेली साहेब," मुलगा म्हणाला. "आप्पा म्हणून कोण हाय, त्याच्याबरोबर."

त्यानं मोबाइल पुढे केला. त्यात कॉम्प्युटरच्या पडद्याचा फोटो होता. सून कुठलासा ऑनलाइन खेळ खेळायची, त्या खेळात टोळीतल्या लोकांना एकमेकांशी लिहून बोलता येतं, तिथला. डाव्या बाजूला नाव, 'आप्पा', आणि पुढे मजकूर. मी ितला घेऊन चाललो आहे, आमचा शोध घेऊ नये, आिण ितच्या आईला ती सुखात आहे असे कळवावे. फोटो हललेला होता, अक्षरं फुटल्यासारखी दिसत होती. मी तेवढ्यापुरता वाचला आणि प्रिंट काढून कागदपत्रांत लावायला सांगितला.

तेवढ्यानं निम्म्या लोकांनी केस मिटवून टाकली. सज्ञान बाई, स्वतःच्या मर्जीनं गेली, वर निरोपही ठेवला. तिच्या मोबाइलचं शेवटचं लोकेशन शिरूरचं एसटी स्टँड होतं, मग फोन बंद. संध्याकाळपर्यंत बाजारपेठेत बातमी पोचलीही. 'सरांची सून पळाली.' माणूस हरवलं म्हणजे गावाला ते सापडायला नको असतं, गोष्ट हवी असते. ती मिळाली की गाव स्वस्थ झोपतं.

चौकशीसाठी मी सरांच्या दुकानात गेलो. संस्था आता नावापुरती उरली होती, दुकान सून चालवायची. उतारे, अर्ज, करारनामे, सगळं तीच टाइप करायची. तिथं भिंतीला लागून कॉम्प्युटर ओळीनं मांडलेले होते. पहिला काळ्या पडद्याचा, ज्याला माउस नव्हता, आज्ञा टाइप केली तरच काम करणारा. दुसरा जाड पेटीसारखा, पातळ चौकोनी फ्लॉपी घेणारा. तिसऱ्याच्या पडद्यावर ती हिरवी टेकडी आणि निळं आभाळ, जे एके काळी देशातल्या प्रत्येक सरकारी टेबलावर असायचं. आणि शेवटी नवा, चपटा, तिचा स्वतःचा. सगळे चालू होते. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं सांगितलं, "वहिनींनीच जिवंत ठेवलेत ते. जुन्या फाँटमधल्या फायली नव्यावर उघडत न्हाईत. लोक लांबून यायचे. वहिनी म्हणायच्या, ही माझी म्हातारी माणसं आहेत, ह्यांना टाकून कसं चालंल."

असं बोलणारी बाई घरदार टाकून जाते का? जातेही. पोलिसानं असल्या वाक्यावर विश्वास ठेवायचा नसतो. पण मी ते विसरलो नाही.

तिची आई दुसऱ्या दिवशी आली. वरवंडच्या अलीकडच्या एका वस्तीवर राहणारी, विधवा, दोन एसट्या बदलून आलेली. चप्पल बाहेर काढून आत आली. तिला कितीदा सांगितलं, तरी खुर्चीत बसली नाही.

"सायेब, माजी पोर पळून जायची न्हाई."

"आई, प्रत्येक आई हेच म्हणते."

"म्हनत आसंल. पन जायाचं आसतं तर मला सांगून गेली आसती. लगनानंतर बी ती मला रोज फोन करायची. दुपारच्याला, जेवान झाल्यावर. एक दिस चुकली न्हाई."

"आप्पा म्हणून कुणी माहीत आहे का? तिच्या ओळखीचा?"

"आमच्यात धा घरात धा आप्पा हायेत, सायेब. कंचा इचारता?"

बाहेर बाकावर बसलेला एक अंमलदार हसला. मी त्याला बंदोबस्ताला पिटाळलं.

धागा मिळाला तो दौंडहून, आणि तोही चेष्टेत. त्या भागात नेमणुकीला असलेला माझा एक बॅचमेट होता. त्याचा फोन आला. "अरे, एक रेल्वेवाला डोकं खातोय माझं. म्हणतो, आमचा म्हातारा हरवलाय. पत्ता विचारला तर म्हणतो, पत्ता माहीत नाही, कॉम्प्युटरमध्ये राहतो. शिरूरकडचा आहे एवढंच माहीत. तुझ्याकडे देऊ का पाठवून?"

"म्हाताऱ्याचं नाव काय?"

"आप्पा."

मी चहा तसाच ठेवला आणि गाडी काढायला सांगितली.

रेल्वे कॉलनीतल्या त्याच्या क्वार्टरमध्ये गेलो. तिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप, शेडमध्ये टेक्निशियन. बायकोनं पोहे आणून ठेवले आणि ती दारातच उभी राहिली. नवऱ्याच्या खेळापायी घरात पोलीस आले, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

खेळ असा होता. प्रत्येकानं आपल्या नावाचा एक माणूस तयार करायचा, त्याला हवे ते कपडे, हवा तो चेहरा द्यायचा. त्याला अवतार म्हणतात. माझ्या बरोबरचा हवालदार म्हणाला, "आमची आय म्हनायची, काय अवतार करून आलायस. तसला का?" मग हे अवतार मिळून किल्ला बांधतात, राखतात, दुसऱ्या टोळीशी लढतात. यांच्या टोळीत पाच-सहा जण, कुणी नगरचा, कुणी सोलापूरचा. एकमेकांना प्रत्यक्ष कुणीच पाहिलेलं नाही. आणि या सगळ्यांचा म्होरक्या आप्पा.

त्यानं पडदा माझ्याकडे वळवला. किल्ल्याच्या दरवाजात एक म्हातारा उभा होता. लाल पागोटं, पांढऱ्या झुबकेदार मिशा, खांद्यावर काळी घोंगडी, हातात काठी. बाकीच्यांचे अवतार चिलखतं घालून, पंख लावून फिरत होते आणि त्यांच्यात हा मेंढका. नावाखाली एक ओळ होती. 'घाबरू नगा, मी हाय हितंच.'

"आप्पा कधी माइकवर बोलले नाहीत साहेब," तो म्हणाला. "ऐकू कमी येतं, बोलताना दम लागतो, असं लिहायचे. आम्ही बोलायचो, ते टाइप करायचे. पण मॅच हातातनं चालली की एवढंच लिहायचे, घाबरू नगा, मी हाय हितंच. माझे वडील गेले तेव्हा मी इथंच, या खुर्चीत, त्यांच्याशी बोलायचो. हसू नका साहेब."

"हसत नाही. पुढं?"

"रोज दुपारनंतर यायचे. एक दिवस आलेच नाहीत. मग संध्याकाळी आले, आणि हे असलं काहीतरी लिहून उभेच राहिले. 'घेऊ नये', 'कळवावे'? आप्पा असं बोलत नाहीत. आप्पा 'हाय-न्हाई' लिहायचे. कुणीतरी आप्पांच्या नावानं शिरलंय साहेब. म्हाताऱ्याला काहीतरी झालंय."

सून हरवली त्याच दिवशी आप्पाही हरवला होता. परतताना गाडीत हवालदार म्हणाला, "बघा साहेब, जोडीनंच गेलेत." ठाण्यात पोचल्यावरही सगळ्यांचं तेच मत पडणार होतं. सरांच्या मुलाचं म्हणणं पक्कं झालं, उलट दौंडहून त्याला साक्षीदार मिळाला. मला काहीतरी खुपत होतं, पण खुपणं हा पुरावा नव्हे.

रेल्वेवाल्यानं त्या अवताराची रंगीत प्रिंट काढून दिली होती. वाटेत वरवंड लागलं तेव्हा मी गाडी वस्तीकडे वळवायला सांगितली. संशयिताचं चित्र नातेवाइकांना दाखवून ओळख पटवायची, हा आमचा नेहमीचा रिवाज. कॉम्प्युटरमधल्या चित्राची ओळख पटवायला निघालेले आम्हीच पहिले असू. हवालदार खिडकीबाहेर बघून हसू दाबत होता.

आई गोठ्यात होती. हात पदराला पुसून बाहेर आली. मी कागद पुढे धरला. "आई, नीट बघा. ह्याला कधी पाहिलंय का?"

तिनं कागद हातात घेतला, उन्हात धरला आणि एकदम डोक्यावरचा पदर पुढे ओढला, वडीलधाऱ्यासमोर ओढतात तसा.

"ह्यो कुठं घावला तुमास्नी?" ती म्हणाली. "ह्ये तर आमचं आप्पा. माजं सासरं. जाऊन लई वरसं झाली त्यास्नी."

ती आत गेली आणि भिंतीवरचा फोटो काढून घेऊन आली. तेच पागोटं, त्याच मिशा, डाव्या खांद्यावर घोंगडी. अवताराची घोंगडीही डाव्याच खांद्यावर होती.

"पोरगी आप्पांच्या आंगाखांद्यावर वाढली. मेंढरं कोंडायच्या वाघराबाहेर कोल्हं आलं की ही रडायची. मंग आप्पा म्हनायचं, घाबरू नगं, मी हाय हितंच."

मी ते चित्र घडी घालून खिशात ठेवलं. पळवून नेणारा आप्पा ती स्वतःच होती. खेळात तिनं आजोबाचं रूप घेतलं होतं आणि चार गावची माणसं तिला वडीलधारं समजून आप्पा, आप्पा करत होती. बाई स्वतःबरोबर पळून जात नाही. मग ती गेल्यावर आप्पाच्या नावानं लिहिलं कुणी?

ठाण्यात आल्यावर मी नवऱ्यानं दिलेल्या फोटोची प्रिंट पुन्हा काढून घेतली. या वेळी मजकूर वाचला नाही, अक्षरं पाहिली. 'ितला'. 'आिण'. 'ितच्या'. वेलांट्या सुटून पुढे लटकल्या होत्या, काही ठिकाणी ठिपक्यांचं वर्तुळ आलेलं होतं. फोटो हललेला होता म्हणून अक्षरं फुटली असं सगळ्यांना वाटलं. फोटोचा काही दोष नव्हता.

ज्यांनी जुने टाइपरायटर वापरले त्यांना हे लगेच कळेल. तिथं पहिली वेलांटी आधी मारावी लागते, मग अक्षर. कागदावर ती डावीकडे असते ना, म्हणून. 'आणि' लिहायचं तर आधी आ, मग वेलांटी, मग ण. कॉम्प्युटर आले तेव्हाचे जुने फाँटही तसेच चालायचे, त्यामुळे कुणाची सवय मोडली नाही. नवे कॉम्प्युटर मात्र उच्चाराप्रमाणे चालतात. आधी ण म्हणा, मग त्याचा इकार. जुना हात आधी वेलांटी मारतो आणि ती अधांतरी राहते. आमच्या ठाण्यात नवे संच आले तेव्हा कित्येक दिवस 'िफर्यादी', 'िदनांक', 'िठकाणी' असले कागद कोर्टात जात होते आणि मी रायटरवर ओरडत होतो. सून टायपिंग नव्या पद्धतीनंच, मोबाइलवर शिकलेली; असल्या पोरीच्या हातून 'आिण' होत नाही. तिची बोटं त्या वाटेनं कधी गेलेलीच नसतात.

रायटरला बोलावलं. "हे बघ. कुणाचा हात आहे?"

त्यानं पाहिलं. चेहरा उतरला. "साहेब, असं तर आम्ही सगळेच करायचो. सरांकडं शिकलेले सगळेच."

"तुझ्या हातात तिचा कॉम्प्युटर होता का?"

"नाही साहेब."

"मग तू जा. आणि हे कुणाला बोललास तर बघ."

वेलांटी न्यायालयात उभी राहत नाही, एवढं मलाही कळतं. तिनं फक्त कोणतं दार ठोठावायचं ते सांगितलं. पण ठोठावण्याआधी मला खात्री हवी होती. सरांना निरोप पाठवला, तपासाच्या कामी जरा यावं.

सर आले. मी उठून उभा राहिलो, चहा मागवला. "सर, तपास लवकर व्हावा म्हणून तुमचा एक अर्ज असला तर मला वरिष्ठांकडे रेटता येईल. रायटर कोर्टात गेलाय. तुम्हीच टाइप करता का? आमच्यापेक्षा स्वच्छ होईल."

सरांना बरं वाटलं. शर्टाच्या बाह्या किंचित मागे घेतल्या, नव्या संचासमोर बसले. त्यांना हवा तो टाइपरायटरचा कळफलक आमच्याकडे होताच. हातानं लिहिलेला कच्चा मजकूर डावीकडे ठेवला आणि बोटं चालू झाली. काय सुरेख चालत होती! नजर एकदाही पडद्यावर गेली नाही. विद्यार्थ्यांना ते तेच शिकवायचे, नजर मजकुरावर, बोटं कळांवर, मध्ये काही बघायचं नाही. शेवटचा पूर्णविराम देऊन त्यांनी प्रिंटचं बटण दाबलं.

मी कागद उचलला आणि नवऱ्यानं दिलेल्या प्रिंटशेजारी ठेवला. दोन्हीकडे 'आिण'. दोन्हीकडे 'ितला'. आणि दोन्हीकडे 'कळवावे'.

"सर, वेलांटी आधी मारलीत," मी म्हणालो.

त्यांनी दोन्ही कागद पाहिले. आधी मास्तर म्हणून पाहिले, चूक शोधल्यासारखे. मग त्यांच्या लक्षात आलं. खिशातलं पेन काढलं, पुन्हा खिशाला लावलं.

"असे अनेकांचे होते," ते म्हणाले.

"होतं. पण अनेकांना सुनेच्या कॉम्प्युटरजवळ बसता येत नाही."

तेवढ्यानं माणूस फुटत नाही. सर तर मुळीच फुटणारे नव्हते. फुटला तो मुलगा. त्याला दुसऱ्या खोलीत बसवलं होतं. त्याच्याजवळ गेलो तेव्हाही त्याचा एकच हेका. "साहेब, मला आधी सांगा, आप्पा सापडला का? कोण हाय तो? एकदा माझ्यासमोर आणा त्याला."

अवताराचं चित्र त्याच्यासमोर ठेवलं आणि शेजारी तिच्या आईनं दिलेला फोटो.

तो बघत राहिला. "हे कोण?"

"तुझ्या बायकोचा आजा. मेलेला. त्याचं रूप घेऊन ती खेळायची. आप्पा म्हणजे तीच."

"मग ती बोलायची कुणाशी? मी वाचलंय माझ्या डोळ्यांनी. आप्पा तिला लिहायचा, घाबरू नगा, मी हाय हितंच."

"तो तिला लिहीत नव्हता. ती लिहायची. पोरांना धीर द्यायला."

त्यानं दोन्ही चित्रं जवळ ओढली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाला, "ती म्हणत होती तसं."

"काय म्हणत होती?"

"म्हणत होती, आवो, आप्पा म्हंजी मीच हाय. तुम्ही बसा, मी दावते. मला वाटलं, तोंडावर खोटं बोलतीय. मला वेडा समजतीय. लई राग आला." तिथं तो थांबला. पुढचं त्यानं सांगितलं ते लिहिण्यासारखं नाही. एकदा मारायला लागल्यावर त्यानं हात आवरला नाही, एवढं पुरे. पोलिसांपुढच्या कबुलीचा कोर्टात उपयोग नसतो, पण जागा दाखवली तर त्याचा असतो. पंचांसमक्ष त्यानं मांडवगण फराट्याच्या उसातली जागा दाखवली. मी तिथं उभा होतो. पाट सोडलेला होता, चिखलातून तिला बाहेर काढायला वेळ लागला. तिच्या मनगटाला दुकानातला कागदाच्या गठ्ठ्याचा रबर अडकलेला होता.

आता सरांचा भाग. मुलानं केलं, बापानं झाकलं, एवढंच असतं तर मी म्हणालो असतो, पोटच्या पोरासाठी माणूस करतो. एसटी स्टँडवर तिचा फोन नेऊन बंद करणं, उसाची जागा, सगळं सरांनी ठरवलं होतं. पण मला एक गोष्ट कळत नव्हती. दोघांना समोरासमोर बसवलं तेव्हा मी ती विचारली.

"सर, तुम्हाला तर तिच्या नावानं लिहायचं असणार. 'मी जात आहे, शोधू नका.' मग आप्पाच्या नावानं का लिहिलंत?"

मी वाट पाहिली. चौकशीत ओरडण्यापेक्षा वाट पाहणं जास्त कामाला येतं.

"मी तिच्याच नावाने लिहायला बसलो होतो," ते अखेर म्हणाले. "एक ओळ लिहून पाठवून पाहिली. समोर नाव आप्पा उमटले. मी दुसरीकडे शोधले. तिचे दुसरे नाव कुठे नव्हतेच."

"म्हणजे तुम्हाला तेव्हा कळलं."

"हो."

"की ती खरं बोलत होती."

"हो."

"आणि मग तुम्ही ती ओळ पुसलीत आणि आप्पा होऊन लिहिलंत, मी तिला घेऊन चाललो आहे."

सरांनी होकारार्थी मान हलवली. मुलाला त्यांनी एवढंच सांगितलं होतं की आप्पाच्या नावानं खोटा निरोप तयार केलाय. मुलगा बापाकडे बघत होता. इतके दिवस तो पोरगा आप्पाला शोधत होता, रात्रंदिवस त्याच्या नावानं दात खात होता, आणि बाप शेजारी बसून त्याला पाणी देत होता. "आण्णा," तो म्हणाला, "तुम्हाला म्हायती होतं?" पोरानं भिंतीवर डोकं आपटायला सुरुवात केली, दोन अंमलदारांनी धरलं. मला त्याची दया आली नाही. कुणाचीच आली नाही.

एवढं मात्र मी सरांना विचारलं. "ते चित्र तुम्ही पडद्यावर पाहिलंत ना? लाल पागोटं, घोंगडी. तुमचे वडीलही तसेच राहायचे. ओळखीचं वाटलं नाही?"

"मी ते सर्व मागे सोडले आहे," सर म्हणाले. शुद्ध मराठीत.

खटला चालला. आरोपीच्या वकिलांनी तीच ओळ मोठ्यानं वाचून दाखवली, घाबरू नगा, मी हाय हितंच. परक्या पुरुषाचे असे शब्द वाचून कोणत्या पतीचं रक्त तापणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. मागच्या बाकावरून तिची आई उभी राहिली. "ह्ये माज्या सासऱ्याचं बोलनं हाय! परक्याचं न्हाई!" शिपायानं तिला खाली बसवलं. रेल्वेवाला साक्षीला आला, घाबरत घाबरत सगळं नीट सांगून गेला. जाताना तो तिच्या आईच्या पाया पडला. कॉम्प्युटरचा अहवाल, मोबाइल, पंचनामे, सगळं टिकलं. शिक्षा झाली. मुलाला मोठी, बापाला पुरावा नष्ट केल्याची, लहान. सर केव्हाच बाहेर आले. आता दुकानात ते एकटे बसतात. जुन्या फायली उघडायला लोक येतात आणि त्यांना अजून सर म्हणतात.

या केसनं मला काय शिकवलं असं विचारतात. लोकांना वाटतं, मी मोबाइल, खेळ, मुलांवर लक्ष ठेवा वगैरे काहीतरी सांगेन. ते मला कळत नाही आणि पटतही नाही. एका बाईला दिवसाचा थोडा वेळ असा हवा होता की तिचं ऐकलं जाईल. सून म्हणून ते जमेना, म्हणून तिनं पांढऱ्या मिशा लावल्या. मग ऐकलं, सोलापूरपासून दौंडपर्यंत ऐकलं. घरात तिनं शेवटी खरं सांगितलं, ते सोडून बाकी सगळ्यावर विश्वास ठेवला गेला. पोलिसांचा सगळा तपास, सायबर, मोबाइलचे सीडीआर, पंचनामे, हे सगळं करून मी जे शोधलं ते तिनं आधीच तोंडानं सांगून ठेवलं होतं. आप्पा मीच हाय. मला याची अजून चीड येते.

मध्यंतरी काही कामानं शिरूरला गेलो होतो. तहसीलसमोरच्या टपरीवर चहा घेतला. टपरीवाल्यानं ओळखलं, खुर्ची दिली.

"साहेब, त्या सरांच्या सुनंची केस तुम्हीच केलती ना? पळून गेलती ती?"

"पळून गेली नव्हती. मारली होती."

"व्हय व्हय, ते वाचलं पेपरात." त्यानं गाळणी आपटली. "पन साहेब, तो आप्पा? तो तर सुटलाच की मग."

"सुटला नाही," मी म्हणालो. "उसात पुरलेला होता, तोच आप्पा."

त्याला काही कळलं नाही. त्यानं मान डोलावली आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा कप भरला.